राजा सिटीचा दर्जा देतो म्हणजे नेमकं कोण देतं? रेडिंगला का मिळत नाही?

थेम्सकाठचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या मुक्काम इंग्लंडमधलं रेडिंग. परवा आमच्या रस्त्यावरच्या रहिवाशांची बैठक होती. विषय कचऱ्याच्या पेट्यांचा, पण बोलणं वळलं ते रेडिंगला सिटीचा दर्जा का मिळत नाही याकडे. शेजारचे एक आजोबा फार तळमळीने बोलले. बाराव्या शतकात पहिल्या हेन्री राजाने इथे मठ उभारला, त्याचं दफनही इथेच झालं, आज वस्ती दीड लाखाच्या वर आहे. तरी २०००, २००२, २०१२ आणि २०२२ असे चारही वेळा अर्ज केले आणि चारही वेळा हात हलवत परत. तिकडे वेल्समधलं सेंट डेव्हिड्स दोन हजार वस्तीचंही नाही, पण ती सिटी!

मला हा हिशेब लागेना. आमच्या इचलकरंजीची २०२२ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा निदान रीत तरी कळत होती. लोकसंख्येची अट, मंत्रालयात प्रस्ताव, अधिसूचना, हरकती-सूचना, आणि मग नगराध्यक्षांच्या जागी महापौर, मुख्याधिकाऱ्यांच्या जागी आयुक्त. इथे मात्र जो तो म्हणतो, "राजाच्या मर्जीवर आहे." खरंच चार्ल्स राजे ठरवतात का? त्यांनी मनात आणलं तर उद्या रेडिंगला देता येईल का? आणि दर्जा मिळाल्यावर पैसे, अधिकार, काही वाढतं का? आजोबा पुन्हा अर्जासाठी सगळ्यांना उभं करू पाहताहेत. त्यांना साथ द्यावी असं मनात आहे, पण आधी नीट समजून घ्यायचंय.

मेडवेकाठची

दादा, तुमच्या आजोबांचं दुखणं मला चांगलं ठाऊक आहे. मी सांगलीची, पण संसार इथे केंटमध्ये, चॅटमला. चॅटमला लागूनच रॉचेस्टर, आणि तिथल्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशप या वरिष्ठ ख्रिस्ती धर्मगुरूच्या मुख्य चर्चमध्ये, मी आठवड्यातून एकदा पाहुण्यांना माहिती सांगायला उभी असते. तुमच्या गावाला दर्जा मिळाला नाही. आमच्या गावाकडे तो शतकानुशतकं होता आणि गेला. ते पुढे सांगते, आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

दर्जा राजाच देतो, पण ठरवतात मंत्री. ब्रिटनमध्ये राजसत्तेचे काही जुने विशेषाधिकार अजून शिल्लक आहेत, त्यांना संसदेच्या कायद्याची गरज लागत नाही. सिटीचा दर्जा देणं हा त्यातलाच एक. अर्ज जातो सरकारकडे, अलीकडे कॅबिनेट ऑफिसकडे. तिथे छाननी होते, मंत्री राजाला सल्ला देतात आणि राजा त्या सल्ल्याप्रमाणे मान्यता देतो. मग लेटर्स पेटंट, म्हणजे राजाची सनद, तयार होते. तिच्यावर राजमुद्रा उमटली की गाव सिटी झालं. आजच्या रिवाजात राजा स्वतःच्या मनाने रेडिंगचं नाव पुढे करणार नाही, आणि सल्ला आला तर तो मोडणारही नाही.

पैसे? एक पौंडही वाढत नाही. अधिकार? तेही नाहीत. महापौराला लॉर्ड मेयर म्हणायचा मान वेगळा, तोही वेगळा मागावा लागतो. इचलकरंजीत कारभाराची अख्खी घडी बदलली. इथे मिळतो तो निव्वळ मान. पण निव्वळ मान म्हणून कुणी तो हलका समजू नये. २०२२ मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाला सत्तर वर्षं झाली म्हणून स्पर्धा लागली, तेव्हा ३९ गावांनी अर्ज केले होते. कॉर्नवॉलमधलं मॅराझियन हे इवलंसं गावही त्यात होतं.

आता अट कोणती, हा तुमचा खरा प्रश्न. उत्तर असं की बंधनकारक अट कुठलीच नाही. सरकारची भूमिका वर्षानुवर्षं तीच आहे: हा हक्क नाही, अमुक निकष पुरे केले म्हणून कुणी तो मागू शकत नाही. हा नियमच असा का झाला, ते इतिहासात गेल्याशिवाय कळत नाही.

आठव्या हेन्रीने १५४० च्या दशकात नवे बिशपप्रांत काढले: ब्रिस्टल, चेस्टर, ग्लॉस्टर, ऑक्सफर्ड, पीटरबरो, वेस्टमिन्स्टर. जिथे बिशप बसला ते गाव सिटी, अशी समजूत तिथून घट्ट झाली. वेस्टमिन्स्टरचा बिशपप्रांत १५५० मध्ये मोडला, सिटी मात्र राहिली, ती आजतागायत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गिरण्यांची गावं फुगली आणि ही समजूत अपुरी पडायला लागली. मँचेस्टरला १८५३ मध्ये दर्जा मिळाला तेव्हा तिथे बिशप तरी होता. बेलफास्टला १८८८ मध्ये आणि बर्मिंगहॅमला १८८९ मध्ये दर्जा मिळाला तो कॅथेड्रल नसताना. त्यानंतर बिशपचा संबंध सुटला तो सुटलाच. गिल्डफर्डला, ब्लॅकबर्नला आज कॅथेड्रल आहे आणि ती दोन्ही टाउनच आहेत. त्यामुळे तुमच्या इथे कॅथेड्रल नाही म्हणून अडलं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मग १९०७ मध्ये, सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, गृहखात्याने आपल्यापुरती मोजपट्टी ठरवली: तीन लाख वस्ती, कारभार चोख, आणि आजूबाजूच्या मुलखाचं केंद्र असल्यासारखं गावाचं रूप. महानगरपालिकेच्या अटीमुळे तीन लाखांचा आकडा तुम्हाला ओळखीचा वाटेल! पण ही मोजपट्टी वाकायची. स्टोक-ऑन-ट्रेंटची गोष्ट तुमच्या आजोबांना जरूर सांगा. वस्ती तीन लाखांना थोडी कमी म्हणून गृहखात्याने नकार दिला. तिथल्या लोकांनी मागणी थेट राजवाड्यापर्यंत नेली, आणि १९२५ च्या जूनमध्ये पाचवे जॉर्ज स्वतः तिथे गेले असताना स्टोक सिटी झाल्याचं जाहीर झालं. १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला लँकेस्टरला दर्जा मिळाला, ते तर तीन लाखांच्या जवळपासही नव्हतं. पण इंग्लंडचा राजा हाच लँकेस्टरचा ड्यूक, तो धागा कामी आला. केंब्रिजसारख्या गावाला १९५१ पर्यंत थांबावं लागलं, हे ऐकून तर आमच्याकडे येणारे पाहुणे चकित होतात.

म्हणजे राजाचा हात पूर्वी खराखुरा लागायचा. आता समारंभ उरला आहे. जुबिली आली की स्पर्धा, हा पायंडा १९७७ मध्ये डर्बीपासून रुळला. २००० मध्ये सहस्रकाच्या निमित्ताने ब्रायटन अँड होव्ह, वुल्व्हरहॅम्प्टन आणि इन्व्हरनेस. २०१२ मध्ये चेम्सफर्ड, पर्थ आणि सेंट आसफ. २०२२ मध्ये आठ: कोल्चेस्टर, डॉन्कास्टर, मिल्टन कीन्स, डनफर्मलिन, रेक्सम, उत्तर आयर्लंडचं बँगोर, आइल ऑफ मॅनचं डग्लस आणि पार फॉकलंड बेटांवरचं स्टॅन्ली. मिल्टन कीन्स वसलंच मुळी १९६७ मध्ये. नऊशे वर्षांचा मठ असलेलं रेडिंग मागे आणि ते पुढे. का? कुणी सांगत नाही. माझा राग आहे तो इथे. राजाने सनद द्यायला माझी काडीचीही हरकत नाही. राजाच्या हातून मिळते म्हणूनच लोकांना तिचं अप्रूप आहे, आणि लोकांचा तो आनंद मी खरा मानते. पण राजाच्या विशेषाधिकाराआड मंत्री निर्णय घेतात आणि कारण देत नाहीत, हे मला पटत नाही. नाकारलेल्या गावाला निदान दोन ओळी तरी लिहून द्याव्यात.

आता रॉचेस्टर. इथलं कॅथेड्रल स्थापन झालं ६०४ मध्ये. कँटरबरीनंतर इंग्लंडमधलं सगळ्यात जुनं. शेजारी नॉर्मन किल्ल्याचा उंच चौकोनी बुरूज, खाली नदी. १२११ पासून ही सिटी. १९७४ च्या फेररचनेत रॉचेस्टर आणि चॅटम एका पालिकेत आले, तेव्हा नवी सनद काढून दर्जा जपला. १९८२ मध्ये तो सगळ्या पालिकेला लागू झाला. मग १ एप्रिल १९९८ ला ती पालिका गिलिंगहॅमबरोबर विलीन होऊन मेडवे झाली.

इथली पद्धत अशी आहे की सिटीचा दर्जा हवेत तरंगत नाही, तो धरून ठेवणारी कुठलीतरी संस्था लागते. पालिका बरखास्त होणार असेल तर सनद सांभाळायला विश्वस्त नेमायचे. त्या भागातले नगरसेवकच ते काम करतात, दरवर्षी महापौर निवडतात, राजदंड सांभाळतात. बाथने १९९६ मध्ये असे विश्वस्त नेमले म्हणून बाथ आज सिटी आहे. रॉचेस्टरमध्ये मावळत्या पालिकेने ते नेमले नाहीत. पालिका संपली त्या मध्यरात्री धरून ठेवणारं कुणी उरलं नाही आणि दर्जा संपला. ना कुणी काढून घेतला, ना कुणी गुन्हा केला. त्याहून वाईट म्हणजे कळलंही नाही कुणाला. २००२ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर या मंत्र्याच्या खात्याच्या सिटींच्या यादीत नाव नाही हे लक्षात आलं तेव्हा उलगडा झाला. वारसनोंद करायची राहिली आणि सातबाऱ्यावरून नाव उडालं, तसंच हे.

दाराशी उभी असते तेव्हा कुणीतरी विचारतंच, "ही सिटीच ना?" वयस्कर स्थानिक माणूस जवळ असेल तर माझ्याआधी तोच "हो" म्हणतो. मी मग पाहुण्यांना १९९८ ची हकिकत सांगते. तो माणूस ऐकत उभा राहतो, मान हलवतो, पण "हो" काही मागे घेत नाही. मेडवेने त्यानंतर पुन्हा अर्ज केले, २०२२ मध्येही केला. मिळाला नाही.

समुद्रकाठी साउथएंड

ताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त आमच्या गावाची भर घालतो. साउथएंडला स्पर्धेशिवाय दर्जा मिळाला, पण ज्या कारणाने मिळाला ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. आमचे खासदार सर डेव्हिड एमेस संसदेत उठले की विषय कुठलाही असो, साउथएंडला सिटी करा हे म्हणायचेच. १५ ऑक्टोबर २०२१ ला लेई-ऑन-सीच्या एका चर्चमध्ये मतदारांना भेटत असताना त्यांचा खून झाला. मी त्याच भागात राहतो. त्या दिवशी आमच्या रस्त्यावर सारखी हेलिकॉप्टरची घरघर होती आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तीनच दिवसांनी संसदेत श्रद्धांजली वाहताना पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी जाहीर केलं की राणीने मान्यता दिली आहे.

१ मार्च २०२२ ला तेव्हाचे युवराज चार्ल्स सनद घेऊन आले. तशी सनद जवळून बघायची संधी मिळाली तर सोडू नका. छापील कागद नसतो तो. चामड्याचं पान, त्यावर हाताने काढलेली अक्षरं, राणीच्या नावाने आणि किताबांनी सुरुवात, आणि खाली दोरीला लोंबणारी मेणाची जाडजूड राजमुद्रा. मी बराच वेळ त्या मुद्रेकडेच बघत होतो.

म्हणून "सगळं सल्ल्याने चालतं" हे खरं असलं तरी तेवढंच खरं नाही. निकषांची यादी लावत बसले असते तर आमचं नाव कधी आलं असतं कोण जाणे. विशेषाधिकार होता म्हणून तीन दिवसांत शब्द दिला गेला. कायद्यात बांधलं तर ही मोकळीक जाईल, ताई.

सिंगापूरचा वाटसरू

ही पद्धत ब्रिटनपुरती नाही. मेलबर्न १८४७ मध्ये सिटी झालं ते बिशप नेमणाऱ्या सनदेनेच, न्यूझीलंडमधलं नेल्सनही १८५८ मध्ये तसंच. नैरोबीला १९५० मध्ये राजाची सनद मिळाली, आमच्या सिंगापूरला २२ सप्टेंबर १९५१ ला, पिनांगच्या जॉर्ज टाउनला १ जानेवारी १९५७ ला. आणि रॉचेस्टरची हकिकत वाचून मला जॉर्ज टाउनच आठवलं. तिथेही १९७६ मध्ये पालिका विलीन झाल्या आणि दर्जा राहिला की गेला यावर वाद झाला. पिनांगचे लोक म्हणत राहिले की राणीने दिलेला दर्जा कुणी रद्द केलेलाच नाही. शेवटी २०१५ मध्ये मलेशियाने सगळ्या बेटालाच सिटीची पालिका दिली.

सगळ्यात नवल जिब्राल्टरचं. त्यांनी २०२२ च्या स्पर्धेत अर्ज केला. मग जुनी कागदपत्रं उलगडली तर व्हिक्टोरिया राणीने १८४२ मध्येच त्यांना सिटी केलेलं निघालं! अधिकृत यादीतून नाव गळालं होतं, एवढंच.

आपल्या मुंबईचा मात्र यात विचार करू नये. तिचा कारभार १८८८ च्या पालिका कायद्यावर चालत आला आहे. इचलकरंजीलाही तीच वाट, कायद्याची.

थेम्सकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबांना स्टोकची गोष्ट सांगितली. ते ताबडतोब म्हणाले, "मग आपणही राजाला लिहू." ताई, लिहून काही उपयोग होईल का? आणि साउथएंडच्या दादांचा मुद्दा मला पटतोय. तुमचं काय म्हणणं?

मेडवेकाठची

राजाला पत्र लिहिलं तर उत्तर सौजन्याचं येईल, आणि पत्र मंत्र्यांच्या खात्याकडे पाठवलंय असं त्यात असेल. १९२५ आता नाही. तरी आजोबांना लिहायचं असेल तर अडवू नका.

साउथएंडच्या दादांचं म्हणणं मी मान्य करते. डेव्हिड एमेस यांच्या गावाला दर्जा द्यायला कुठल्या समितीची वाट बघायला लावणं बरं दिसलं नसतं. विशेषाधिकार काढून टाका असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं स्पर्धेपुरतं आहे. गावांकडून अर्ज मागवले, त्यांनी फोटो, नकाशे, इतिहास, राजघराण्याशी नातं असं सगळं मांडून दिलं, त्यात लोकांचे कामाचे तास गेले. मग निकालानंतर प्रत्येकाला कारण कळलं पाहिजे. तेवढ्याने राजाच्या अधिकाराला कुठे धक्का लागतो?

करता येण्यासारखं सांगते. रेडिंगच्या पालिकेकडे २०२२ चा अर्ज मागा आणि वाचा. निवडल्या गेलेल्यांशी ताडून बघा. डनफर्मलिनकडे रॉबर्ट द ब्रूसचं थडगं आहे आणि पहिला चार्ल्स तिथे जन्मला, हे त्यांचं मोठं बळ. तुमच्याकडे पहिला हेन्री आहे. मठाचे अवशेष गावाच्या मधोमध आहेत. ते अर्जात किती पुढे होतं ते बघा. माहिती अधिकारात कॅबिनेट ऑफिसकडे निर्णयाची टिपणंही मागता येतात. राजसत्तेने द्यायच्या मानसन्मानांच्या कागदांना कायद्यात सवलतीचं कलम आहे, ते पुढे करतील. पण ती सवलत निरपवाद नाही, लोकहित त्यांना तोलावं लागतं. म्हणून लोकहित काय ते अर्जात स्पष्ट मांडा. जुन्या नकारांच्या फायली लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघायला मिळतात. १९०७ ची ती मोजपट्टी अभ्यासकांना गृहखात्याच्या फायलींतूनच कळली. तुमच्यापासून क्यू फार लांब नाही, आजोबांना घेऊन एखादा दिवस जाऊन या.

आणि पुढची स्पर्धा कधी लागेल ते राजघराण्यातल्या एखाद्या मोठ्या प्रसंगावर अवलंबून. तोवर अर्ज तयार ठेवा. मागच्या वेळी सरकारने उन्हाळ्याच्या आसपास जाहीर केलं आणि मुदत ठेवली ८ डिसेंबरची. रॉचेस्टरच्या बाजूने आम्हीही तयारीला लागलो आहोत. तुमचा अर्ज वाचून झाला की मला कळवा, आमचा मसुदा तुम्हाला दाखवीन.